सगळ्यांना शून्य करणारा माझा दादा

दादा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला ही बातमी तुला असेलच, कारण तो तूच पाठवलास असं मंदामामी सगळ्या फ्रीगंज मोहल्ल्याला सांगत सुटली आहे. पण तो का शिवला, हे घाटावर फक्त मला माहीत होतं. मी तिथे जे बोलले ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते इथे लिहिते. मराठी मंडळाच्या अंकासाठी जन्म, शिक्षण, नोकरी आणि पश्चात कोण कोण, हे सगळं तुझ्या ओंकारने लिहून दिलं आहे. चांगलं लिहिलंय पोराने. त्यात तू 'मितभाषी व सर्वांशी जुळवून घेणारे' आहेस. वहिनीने ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि विचारलं, हे कोण गेले?

आपलं भांडण कशावरून होतं हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही, पण ते आहे हे टावर चौकापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तू एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचास, मी दुसऱ्यात. विषय एकच, आणि आपण सख्खी भावंडं आहोत हे विद्यार्थ्यांना आपल्या भांडणावरूनच कळायचं. एकदा वहिनीने कंटाळून विचारलं की तुम्ही दोघं नेमके लढता कशावर. तेव्हा रविवारी सकाळी तू आम्हा दोघींना टावर चौकात नेऊन पोह्यांच्या गाडीसमोर उभं केलंस. कुणी दोन पोहे मागत होतं, कुणी जिरावन मसाला जास्त टाकायला सांगत होतं, कुणाला जलेबी गरम हवी होती, आणि सगळ्यांना ते एकदमच हवं होतं. तू म्हणालास की हे सगळे मोबाइल समज आणि कढईमागचा तो पोहेवाला म्हणजे टावर. सगळे एकाच वेळी, एकाच हवेत बोलतात. टावरला एकच कान असेल तर सगळा काला होणार. पण त्याला चार जागी चार कान दिले तर प्रत्येक कानात तीच ओरड निराळ्या प्रमाणात मिसळून येते. त्या चार मिश्रणांतून प्रत्येकाचं बोलणं सुटं करून घ्यायचं, एवढंच आमचं काम. वहिनीला समजलं. फक्त तोवर पोहे संपले होते.

भांडण होतं ते सुटं कसं करायचं यावर. तुझं म्हणणं असं की ज्याचं ऐकायचं त्याचंच ऐकायचं, बाकीच्यांना गणितात नेमकं शून्य करायचं. माझं म्हणणं असं की अगदी शून्यावर आणायला गेलं तर आवाजाचं बटण इतकं पिळावं लागतं की हवेतली खरखरही तेवढीच फुगते, आणि दोघं जण शेजारी शेजारी उभे असले तर मग विचारूच नका. त्यापेक्षा शेजाऱ्याची थोडी कुजबुज चालवून घ्यावी, खरखर आटोक्यात ठेवावी, आणि एकूण चूक कमीत कमी करावी. माझ्या पद्धतीला तू 'तडजोडवाली' म्हणायचास. तुझ्या पद्धतीला मी 'हुकूमशाही' म्हणायची. दोन्ही पद्धती पुस्तकात आहेत, दोन्ही जगात चालतात, आणि शहाण्या माणसांनी एवढ्यावर हा विषय सोडला असता.

तुझी पद्धत कागदावर राहिली असती तरी हरकत नव्हती. पण तू ती घरात आणलीस. ओंकारचा बेंगळुरूहून फोन आला की आधी पंखा बंद, मग टीव्ही बंद, मग वहिनीचा मिक्सर बंद, आणि शेवटी शिट्टीच्या बेतात आलेला कुकर गॅसवरून खाली. पोराचा आवाज शुद्ध यायला हवा ना. तो शुद्ध यायचाच, पण त्या शांततेत बाकीचंही यायला लागायचं. नळाची टपटप, तुझं स्वतःचं पोट, आणि ओंकार दोन वाक्यांच्या मध्ये थांबला की ते थांबणं. एकदा तो चहाचा घोट घ्यायला थांबला. तू फोन ठेवून आम्हाला सांगितलंस की पोराची नोकरी गेली आहे, बापाला सांगत नाहीये. वहिनी रडायला बसली. मी ओंकारला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "आत्या, चहात साखर कमी होती, बस." मी तुला म्हटलं, हीच ती फुगलेली खरखर. तू म्हणालास की साखर कमी असणं हीसुद्धा माहितीच आहे. त्या दिवशीची डाळ कच्ची राहिली ती आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

मग तुझ्या गच्चीवरची प्रयोगशाळा. दोन्ही कॉलेजं मिळून प्रयोग करायचा म्हणून तू अर्ज केलास आणि तुझ्या प्राचार्यांनी चार अँटेना, म्हणजे चार कान, मंजूर केले. तू चौसष्ट मागितले होतेस. त्यांनी विचारलं की चौसष्ट कशाला, डिश टीव्हीला तर एक पुरतो. तेव्हा आपण हसलो, पण मला आता वाटतं की त्या चारांनीच आपलं भांडण इतकी वर्षं जिवंत ठेवलं. कान भरपूर असले की तुझं आणि माझं उत्तर जवळपास सारखंच येतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. चौसष्ट मिळाले असते तर आपल्याकडे बोलायला काय उरलं असतं?

ते चार अँटेना वहिनीच्या साड्या वाळत घालायच्या बांबूला बांधलेले. सकाळी सगळं मोजून, जुळवून खाली यावं, की वहिनी वर जाऊन ओल्या साड्या टाकणार. ओल्या सुताने लहरींची हवेतली वाट बदलायची, आणि सकाळचं सगळं मोजमाप फुकट. तू वहिनीला सांगितलंस की साड्या रोज त्याच जागी आणि तेवढ्याच ओल्या टाकत जा. ती म्हणाली, "मी साड्या वाळवायला टाकते, ओल्या ठेवायला नाही." तेवढं एक भांडण तू हरल्याचं मी पाहिलं आहे.

वाट सारखी बदलत असते म्हणूनच तर प्रत्येक मोबाइल बोलण्याआधी एक ठरलेली, दोन्हीकडे माहीत असलेली खूण पाठवतो. ती पोचताना किती वाकडी झाली, त्यावरून टावरला वाट समजते. तू तेही घरात आणलंस. फोन केलास की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं: "छोटी, पोहे झाले का?" सकाळी तेच, संध्याकाळीही तेच. मी "झाले" कशी म्हणते त्यावरून तुला सगळं कळायचं. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी अगदी साधं 'झाले' म्हटलं होतं आणि तू फोन न ठेवताच स्कूटर काढलीस. मागून वहिनी विचारत होती की पोह्यांसाठी एवढं काय धावता.

आणि मंदामामीचं प्रकरण. गर्दीत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ते बघायचं, आधी त्याचं पूर्ण समजून घ्यायचं, मग ते एकूण गोंधळातून वजा करायचं, मग उरलेल्यातला मोठा आवाज घ्यायचा, असं करत करत शेवटच्या हळू आवाजापर्यंत यायचं. ही रीत आपल्या दोघांना मान्य होती. आपल्या खानदानात पहिला नंबर कायम मामीचा, त्यामुळे हुडकायचा त्रासही नव्हता. फक्त या रीतीला एक खोट आहे. पहिलं समजण्यात चूक झाली तर चुकीचंच वजा होतं, आणि पुढचं सगळं बिघडत जातं. मामीच्या पल्लवीला बघायला पाहुणे आले होते. मामी आतल्या खोलीत येऊन म्हणाली, "वा, मुलगा तर हिराच आहे हो." आम्हा सगळ्यांना तिचा टोमण्याचा सूर कळला. तू मात्र शब्द घेतलेस, होकार म्हणून नोंदवलेस, वजा केलेस, आणि उरलेल्यांची चुळबूळ म्हणजे आनंद असं धरून बाहेर जाऊन पाहुण्यांना पेढा दिलास. मामी तुझ्याशी पुढच्या दोन दिवाळ्या बोलली नाही. त्या चुकीला आज दोन मुलं आहेत, जावई मामीला दर सोमवारी महाकालला गाडीतून नेतो, आणि मुलगा हिरा आहे हे आपण सगळ्यात आधी ओळखलं होतं असं मामी शपथेवर सांगते.

महाकालवरून आठवलं. देवळातल्या गर्दीत सगळे एकदम मागणं मागतात आणि देव एकेकाचं ऐकतो, म्हणजे तोही टावरच की नाही सर, असं दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारायचाच. तू चिडायचास. म्हणायचास की देवाला आवाज सुटे करणारा इक्वलायझर लागत नाही, आपल्याला लागतो, म्हणून तर फी भरून इथे बसला आहात.

आता दवाखान्याचं. मला ते लिहायचं नाहीये, पण त्याशिवाय घाट समजणार नाही. शेवटच्या आठवड्यात तुझ्या उशाशी चार यंत्रं चार सुरांत टिकटिक करत होती आणि तू नर्सला त्यातली तीन बंद करायला सांगत होतास. तुझा चेहरा एवढासा झाला होता. मला ते बघवेना. मी तुझा हात धरून म्हटलं, दादा, जाऊ दे, तुझीच पद्धत बरोबर. तू तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केलास.

"छोटी, खोटं हरू नको. अशी हरशील तर माझा कावळा शिवणार नाही, सांगून ठेवतो."

नर्स धावत आली, मास्क पुन्हा लागला, वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर आपण भांडलो नाही. भांडायला वेळच मिळाला नाही.

वहिनीने ऐकलं ते मामीला सांगितलं, आणि मामीपर्यंत गेलेली गोष्ट आणखी कुठे पोचवावी लागत नाही. वाटेत तिच्यातलं 'खोटं' तेवढं गळलं. राम घाटावर पोचेपर्यंत सगळ्यांची खात्री झाली होती की छोटीने हार मानल्याशिवाय कावळा शिवणार नाही. तू सांगितलं होतंस त्याच्या बरोबर उलट.

ओंकारने पिंड ठेवले. कावळे होते, भरपूर होते, समोरच्या देवळाच्या कळसावर बसून ते आमच्याकडे बघत होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून पाहिलं आणि परत गेला. मग वचनं सुरू झाली. वहिनी म्हणाली की तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही. ओंकार म्हणाला की आईला एकटी ठेवणार नाही. मामी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणाली की पेढ्याबद्दल तुला माफ केलं, आता खा. त्याच वेळी घाटाच्या लाऊडस्पीकरवर लाल साडीवाली कुणी अम्मा सापडली आहे, तिच्या घरच्यांनी येऊन घेऊन जावं, असं सांगत होते. सगळे एकदम, पुन्हा पुन्हा. आणि दादा, मला हसू यायला लागलं. बोलणारे इतके आणि ऐकणाऱ्या कावळ्याला कान दोन. बोलणाऱ्यांपेक्षा कान कमी असले की तुझी पद्धत सुरूच होत नाही, हे तुला त्या क्षणी सांगायला हवं होतं, आणि ज्याला सांगायचं तोच समोर भाताचा गोळा होऊन पडला होता. हसता हसता मला रडू फुटलं. पंडितजींना वाटलं की आता येईल, बाईमाणूस रडली की येतो.

तो आला नाही. पंडितजी पिढ्यान्पिढ्या या घाटावरचे, मराठी माणसांच्या कावळ्यापायी त्यांचा दरवेळी खोळंबा होतो. ते म्हणाले, "भैया, आप लोगों का कौआ बहुत भाव खाता है," आणि दर्भाचा कावळा वळायला बसले. खरा शिवला नाही तर तो शिवायचा. दर्भाच्या कावळ्यावर तुझी बोळवण करायची? आयुष्यभर एकेकाचं नीट ऐकण्यासाठी आमचे कुकर उतरवणाऱ्या माणसाची? मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, बोलून टाक ना की हरले. तुझं काय जातं?" वहिनीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मामीच्या बोलण्यापेक्षा जड होतं. तू काहीतरी मनात धरून गेलास, असं तिला जन्मभर वाटत राहणार होतं.

खोटं हरायचं नाही, हे तर तू बजावलं होतंस. आणि खरं बोलायचं तर मला माझी पद्धत अजूनही बरोबर वाटते. मी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मामी वाक्याच्या मध्यात होती, तरी थांबली. लाऊडस्पीकरवरची अम्माही तेवढ्यात कुणाला तरी मिळाली असावी. मी पिंडासमोर बसले आणि आधी वाट तपासली.

"दादा, पोहे झाले का?"

पंडितजींचे हात थांबले. कळसावरून तो मघाचा कावळा उतरला आणि दोन पायऱ्या सोडून बसला.

"ऐक, मी हरत नाहीये. पण तू जिथे आहेस तिथे खरखर नाही. खरखर शून्य धरली की माझं समीकरण तुझंच होऊन जातं, दोघांचं उत्तर एक येतं. हे गणित आहे, दया नाही. तिथे तू बरोबर आहेस."

कावळा उड्या मारत आला आणि शिवला. नुसता शिवला नाही, चोचभर भात घेऊन गेला. वहिनीने दोन्ही हात जोडले आणि तिचे खांदे खाली आले. पंडितजींनी अर्धा वळलेला दर्भ बाजूला ठेवून विचारलं की बहनजी, ये कौन सा मंत्र था. मामी म्हणाली, "वो उनका घर का है." मी मात्र कावळा पार नदीपलीकडे जाईपर्यंत वाट पाहिली, आणि मग हळूच म्हटलं, इकडे अजून मीच बरोबर आहे.

हे झालं घाटावरचं. आता उरलेलं.

माझी बारावी झाली तेव्हाचं घर तुला आठवतं. बाबा, मोठे काका, मंदामामी, सगळे दिवाणखान्यात. कुणी म्हणत होतं बी.एड., कुणी ग्वाल्हेरचं स्थळ. सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि सगळे एकदम. मी दाराशी उभी राहून म्हटलं की मला इंजिनिअरिंग करायचंय. दोनदा म्हटलं. ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तू तेव्हा कॉलेजात शिकत होतास, घरात तुला काही किंमत नव्हती. तू उठलास, रेडिओ बंद केलास, पंखा बंद केलास, अंगणात जाऊन पाण्याची मोटर बंद केलीस, परत येऊन मामीसमोर हात आडवा धरलास आणि म्हणालास, "आता छोटी बोलेल." त्या शांततेत बाबांचा सुस्कारा केवढा तरी मोठा ऐकू आला, काकांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. खरखर फुगलीच होती. पण माझं वाक्य पोचलं.

माझी पद्धत अशक्त आवाजाला आहे त्याहून थोडं लहान करून दाखवते. हा तिचा दोष मी दरवर्षी वर्गात शिकवते. तुझ्यासमोर कधी उच्चारला नाही, कारण तू तो डोक्यावर घेऊन नाचला असतास. त्या दिवशी घरात कुणी माझ्या पद्धतीने ऐकत असता, तर माझं थोडंसंच ऐकून, बाकीच्यांचं चालवून घेऊन मला ग्वाल्हेरला पाठवलं असतं. तुझ्याशी इतकी वर्षं भांडायला जी अक्कल आणि जी डिग्री लागली, ती तू सगळ्यांना शून्य केलंस म्हणून मला मिळाली. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. दवाखान्यात सांगायला हवं होतं, ते सोडून मी खोटं हरत बसले. दादा, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

घाटावरून घरी आलो. वहिनीने वरण-भाताचा कुकर लावला, मामी पंडितजींची नक्कल करत होती, कुणीतरी टीव्ही लावला होता. एवढ्यात ओंकारचा फोन वाजला, त्याच्या ऑफिसातून. वहिनी उठली. तिने पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, आत जाऊन कुकर खाली उतरवला. मामीसुद्धा आपोआप गप्प झाली. सगळं घर तुझ्या सवयीने शांत झालं. ओंकार फोनवर नुसतं हो, हो म्हणत होता, आणि आम्ही तिघी बसून होतो. मी कान देऊन ऐकलं. नळही टपकत नव्हता. कुठेच खरखर नव्हती.

अशा जागी तुझं आणि माझं उत्तर एकच येतं, हे मीच सकाळी सांगून आले होते. पण मग भांडायचं कुणाशी? मला ते शून्य नको, दादा. मला तू चुकीचा हवा आहेस, समोर बसलेला, कच्ची डाळ खात.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुकर पुन्हा गॅसवर ठेवला. थोड्या वेळाने शिट्टी झाली. ओंकार फोनवर म्हणाला, ज़रा ज़ोर से बोलिए, घर में सब लोग हैं.